चार बोटं राहिली होती

सत्यशीला आमच्या कारखान्यात आली तेव्हा तिला पहिला चहा मी पाजला. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कुणालाही वाटेल की ही बाई मुळातच वाईट. मुळात नव्हते. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून झाले.

श्रीगोंद्याजवळच्या साखर कारखान्यात, शेतकी ऑफिसात, मी ऊसनोंदीचं काम करायचे. कोणत्या शेतकऱ्याचा ऊस कधी लागला, किती महिन्यांचा झाला, तोडणीची पाळी कधी, हे सगळं कॉम्प्युटरवर. सत्त्याण्णव साली पुण्याहून दोन मशीनं आली, अगदी जुळी. एक माझ्या टेबलावर बसलं, दुसरं कव्हराखालीच राहिलं, कारण चालवणारी मी एकटी. दोन वर्षं मला सगळे 'कॉम्प्युटरवाल्या बाई' म्हणत. माझे वडील सहादू याच कारखान्याच्या वजनकाट्यावर तीस वर्षं काम करून रिटायर झाले, पण गावात आता त्यांची ओळख 'कॉम्प्युटरवाल्या बाईचे वडील' अशी झाली होती. त्यांना ती आवडायची. मला त्यांच्याहून जास्त आवडायची.

नव्व्याण्णवच्या जुलैत सत्यशीला आली. पाथर्डीकडची, नगरला वसतिगृहात राहून डिप्लोमा केलेली. सहा महिने घेऊन बघू, मग कायम करू, असं ठरलं होतं. तिचे आईवडील ऊसतोडीला दरवर्षी आमच्याच कारखान्याकडे यायचे. आईबाप फडात आणि पोरगी ऑफिसात. अशी गोष्ट कुणाला आवडणार नाही? आमच्या ऑफिसच्या साहेबांना आवडली, संचालकांना आवडली, कॅन्टीनवाल्यालाही आवडली. पहिले दोन आठवडे मलाही आवडली.

मग माझा प्रिंटर अडकला. मी नेहमीप्रमाणे पुण्याला फोन लावायला निघाले, तर ही स्क्रूड्रायव्हर घेऊन आली, झाकण काढलं, आतून ऊसतोडीच्या चिठ्ठीचा चुरगळलेला तुकडा काढला आणि प्रिंटर चालू. साहेब मागेच उभे होते. म्हणाले, "बघा भारतीबाई, आपण उगाच दोन वर्षं पुण्याचा माणूस बोलवत होतो."

तो 'उगाच' माझ्या कानात बसला तो बसलाच. त्यानंतर फोन आला की लोक विचारायचे, "सत्यशीला हाय का?" मी म्हणायचे, "मी आहे की." तर म्हणायचे, "असू द्या, तिलाच द्या." महिनाभरात मी 'त्या दुसऱ्या बाई' झाले. आणि ती? ती मला 'ताई' म्हणायची. डब्यातली शेंगदाण्याची चटणी आधी माझ्या पोळीवर वाढायची. माणूस उद्धट असला की हेवा करायला सोपं जातं. हिने तेवढीही सोय ठेवली नव्हती.

मी जळत होते. मनाशी मी दुसरे शब्द वापरून बघितले, की मला नव्या पोरीची काळजी वाटते, तिची घाई मला पसंत नाही. पण ते शब्द खोटे होते.

सप्टेंबरात दोन हजार सालाचं लचांड आलं. सत्यशीलाने दुसऱ्या मशीनची तारीख मुद्दाम एकतीस डिसेंबरला नेऊन ठेवली आणि बारा वाजायची वाट बघितली. मशीन दोन हजारात गेलंच नाही. ते १९८० सालात गेलं. जानेवारीत लागलेल्या उसाचं वय पडद्यावर आलं, उणे दोनशे अठ्ठावीस महिने. साहेब आधी पोट धरून हसले, मग घाबरले. ऐन गाळपात असं झालं तर तोडणीच्या पाळीचा बट्ट्याबोळ होणार होता.

उपाय तिच्याकडे होता. असणारच. मशीनच्या मुख्य बोर्डावर एक चिप असते, तिला बायोस म्हणतात. बटण दाबल्यावर मशीनला जागं करते ती हीच. त्या चिपमधला जुना मजकूर पुसून नवा लिहायचा, की तारीख ठीक. नवा मजकूर तिने पुण्याहून फ्लॉपीवर आणला होता. "पन ताई," ती म्हणाली होती, "लिहिताना मधीच लाईट गेली तर चिप अर्धी ऱ्हाती. मग मशीन जागंच व्हत न्हाई." हे तिने मला एकटीलाच सांगितलं होतं. साहेबांना कशाला उगाच काळजी, म्हणून.

मुहूर्त ठरला खंडेनवमीचा. त्या दिवशी ऑफिसच्या व्हरांड्यात दरवर्षी हत्यारांची पूजा होते. साहेबांची इच्छा अशी, की मशीन नवं होऊनच पूजेला बसावं. सत्यशीलाने खोलीवरून आईचा जुना कोयताही आणला होता. मी पूजेला थांबत नाही. आम्ही बौद्ध, आमचा दुसऱ्या दिवशी विहारात कार्यक्रम असतो. पूजेच्या वेळी मी आत माझ्या टेबलाशी बसते नाहीतर कॅन्टीनला जाते. माझी तक्रार नसते, त्यांचा आग्रह नसतो.

अकराच्या सुमाराला तिने दुसऱ्या मशीनवर काम सुरू केलं. काळ्या पडद्यावर एक पांढरी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकू लागली. वीज गेली तर सांभाळून घेणारा यूपीएस नावाचा डबा टेबलाखाली होता, पण त्याची बॅटरी गेल्या वर्षीच मेलेली. इतक्यात बाहेरून साहेबांची हाक आली, "सत्यशीला, ये गं, तो कोयता तूच मांड. फोटोवाला थांबलाय."

ती उठेना. पुन्हा हाक आली. शेवटी मला म्हणाली, "ताई, दोनच मिनिटं बसा. पट्टी पुरी होईस्तवर कुनाला हात लावू देऊ नका."

मी म्हटलं, "हं."

आता काकासाहेबांविषयी सांगायला हवं. ते आमचे हेडक्लार्क, पूजाअर्चेचं सगळं त्यांच्याकडे. त्यांचा नेम असा, की वर्षभर राबलेल्या यंत्राला खंडेनवमीला विसावा द्यायचा. मोटार असो, गिरणी असो, प्रिंटर असो, पूजेला बसलेलं यंत्र चालू नसावं. म्हणून आरतीच्या आधी ते दरवर्षी स्वतःच्या हाताने ऑफिसचा मेन स्विच खाली ओढत. हे मला ठाऊक होतं. नव्या पोरीला ठाऊक नव्हतं.

मेन स्विच दाराजवळच्या भिंतीवर. आमची दोन्ही टेबलं लोखंडी कपाटाआड. मला दारातून आत आलेला काकासाहेबांचा हात दिसला, मनगटावर पूजेचा लाल नाडा बांधलेला. त्यांना मी दिसले नाही. मी पडद्याकडे बघितलं. पट्टी पुरी व्हायला चार बोटं राहिली होती. मी खरोखर बोटं धरून मोजली.

"थांबा," एवढंच म्हणायचं होतं. माझा आवाज चांगला खणखणीत आहे, अर्धं आवार ओलांडून जातो. पण तेवढ्यात बाहेर साहेब कुणाला तरी म्हणाले, "कोयता आन् कॉम्प्युटर, एकाच घरातले! शाब्बास पोरी!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन वर्षांत माझ्यासाठी त्या व्हरांड्यात एक टाळी वाजली नव्हती. माझं उघडलेलं तोंड मिटलं.

खट्ट आवाज झाला. पडदा विझला, पंखा गरगरत थांबला. मी मागच्या दाराने कॅन्टीनला गेले आणि चहा मागवला.

आरती झाल्यावर मेन वर झाला. सत्यशीलाने मशीनचं बटण दाबलं. आतला पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, पण पडदा काळाच. तिने पुन्हा दाबलं, पुन्हा काळा. मी परत आले तेव्हा ती झेंडूची माळ बाजूला करून झाकण खोलत होती आणि तिच्या कपाळावर घाम होता. काकासाहेब म्हणत होते, "पूजेला मशीन बंदच करत्यात, पोरी. तू चालू ठिवून गेलीच कशाला?"

तिने माझ्याकडे बघितलं. "ताई, तुमी हुतात ना हितं?"

"मी पूजेला थांबत नाही, तुला माहीत आहे," मी म्हटलं. "तू बाहेर गेलीस आणि मीही कॅन्टीनला गेले."

धर्माच्या आड उभी राहून मी खोटं बोलले. कुणी उलट विचारणार नाही याची मला खात्री होती. कुणी विचारलंही नाही.

"बरुबर हाय," ती म्हणाली. "मी उठायलाच नको हुतं."

पुण्याला फोन लावला. बोर्ड पाठवा, तीन आठवडे लागतील, असं उत्तर आलं. गाळप दहा दिवसांवर होतं आणि यंदा दोन्ही मशीनं लागणार होती. तासाभरापूर्वी शाब्बास म्हणणारे साहेब आता पूजेतच अपशकुन झाला म्हणून तापले होते. म्हणाले, "गाळपाच्या आत हे चालू झालं नाही, तर दिवाळीला घरी जायचं आणि घरीच राहायचं."

साहेब गेल्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "घरी म्हंजी कुठं, ताई? घर तर आठ दिवसांनी हितंच येनार हाय, फडात. मला बी कोयता देत्याल हातात, आन् काय."

मला बरं वाटायला हवं होतं. मनासारखं झालं होतं ना? बरं वाटलं नाही. वाईटही धड वाटलं नाही, याचीच नंतर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दसरा, आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. पांढरी साडी नेसून मी वडिलांबरोबर विहारात गेले. पंचशील सुरू झालं. पहिली तीन शीलं मी सगळ्यांबरोबर म्हटली. चौथं आलं, मुसावादा वेरमणी, म्हणजे खोटं बोलणार नाही. माझे ओठ हललेच नाहीत. दुपारी वडील सायकल धरून शेजारी चालत होते. त्यांनी विचारलं, "चवथ्याला का गं थांबलीस?"

"ठसका लागला," मी म्हटलं. शील घेऊन अर्धा तास झाला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी सत्यशीला माझ्या टेबलाशी आली. डोळे सुजलेले, पण आवाज नेहमीचा. "ताई, एक युक्ती हाय. तुमच्या मशीनशिवाय व्हनार न्हाई."

तिने समजावून सांगितलं. दोन्ही मशीनं जुळी, दोन्ही चिपा सारख्या, आणि चिप बोर्डावर डागलेली नसून खाचेत बसवलेली. माझं मशीन आधी माझ्या चिपेवर चालू करायचं. एकदा ते जागं झालं की चिपेचं काम संपतं. मग मशीन चालू असतानाच ती चिप उपटायची, तिच्या जागी मेलेली चिप बसवायची आणि माझ्या मशीनकडूनच तिच्यावर मजकूर लिहून घ्यायचा.

"आणि चालू मशीनमध्ये हात घालताना काही चुकलं तर?"

"तर तुमचं बी जाईल," ती म्हणाली. खोटं बोलली नाही. "म्हणून तुमाला इचारती."

ही युक्ती मला का सुचली नाही, हा माझ्या मनात आलेला पहिला विचार होता. ती वाचावी, हा तिसरा किंवा चौथा. तरी मी हो म्हटलं. चौथं शील घशात अडकलं होतं, हे एक. आणि या पोरीचा हात एकदा तरी थरथरताना बघायला मिळेल, हे दुसरं. कुठलं जास्त होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

साहेबांनी माझं चालू मशीन उघडू दिलं नसतं. त्यामुळे त्याच दिवशी बॉयलरचं अग्निप्रदीपन, म्हणजे गाळपाआधी बॉयलर पेटवायचा कार्यक्रम होता, ती वेळ आम्ही निवडली. सगळा स्टाफ बॉयलरकडे जमला, ऑफिस रिकामं झालं. तिने माझ्या मशीनचं झाकण काढलं. बारीक स्क्रूड्रायव्हरने चिप दोन्ही टोकांनी थोडी थोडी उचलली, तिच्याखालून पूजेच्या ताटातला उरलेला लाल नाडा घातला, वर गाठ मारली आणि चिप पुन्हा अलगद टेकवून ठेवली. मग मशीन चालू केलं. काळ्या पडद्यावर अक्षरं आली. फ्लॉपी कुरकुरली.

"मी बोर्ड धरती. तुमी ओढा, ताई. सरळ वर. वाकडं न्हाई."

हात थरथरला तो माझा. तिचा नाही. मी नाडा ओढला, चिप सुटून आली आणि मशीन चालूच राहिलं. तिने मेलेल्या चिपेची खूण खाचेच्या खुणेशी जुळवून, श्वास रोखून, अंगठ्याने ती खाली दाबली. माझ्याकडे एकदा बघून हसली आणि तिने एंटर दाबलं.

पट्टी सरकू लागली.

अर्धी झाली असेल, तोच व्हरांड्यात चपला वाजल्या. "आत कोन हाय? बॉयलर पेटाय लागला, सगळे तिकडं हायती अन् हितं यंत्रं चालू?" काकासाहेबच. दारातून तोच हात आत आला आणि मेनच्या दांडीवर पडला.

"हात काढा!" मी ओरडले. मी असं ओरडले की बाहेरच्या लिंबावरचे कावळे उडाले. "काकासाहेब, हात काढा तो! परवा चार बोटं राहिली होती तेवढ्यात पाडलात तुम्ही मेन!"

काकासाहेबांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. ते आत आले, एकदा मशीनकडे, एकदा माझ्याकडे बघू लागले. "म्हंजी ते मशीन माझ्या हातनं गेलं व्हय?"

चार बोटं राहिली होती हे कुणाला माहीत असणार? जी बघत बसली होती तिलाच. कॅन्टीनला गेलेलीला नाही.

सत्यशीलाने मान वर केली नाही. तिचे डोळे पडद्यावरच होते. मग ती अगदी सरळ आवाजात म्हणाली, "नाडा बाजूला घ्या, मॅडम. बोर्डाला लागंल."

मी नाडा बाजूला घेतला. पट्टी पुरी झाली. मग तिने मशीन बंद केलं, ती चिप काढून मेलेल्या मशीनमध्ये नेऊन बसवली, माझी चिप माझ्या मशीनमध्ये परत नीट दाबली, दोन्ही चिपांचे बारीक पत्र्याचे पाय वाकलेत का ते दोनदा तपासलं. बटण दाबलं. एक बारीक 'पी' आवाज झाला आणि मेलेल्या मशीनचा पडदा उजळला. काकासाहेबांनी हात जोडले. तिला जोडले की मशीनला, कोण जाणे.

साहेब आले तेव्हा दोन्ही मशीनं चालू होती. काकासाहेब सरळ माणूस, त्यांनी लगेच सांगितलं, "साहेब, त्या दिवशी मेन म्या पाडला हुता. पोरीचा दोष न्हाई."

"पण मग तेव्हा आत कुणीच नव्हतं?" साहेबांनी विचारलं. "तुम्हाला थांबवायला?"

काकासाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी सत्यशीलाकडे. मला वाटलं, आता सांगेल. सांगायलाच हवं होतं तिने, मी तिच्या जागी असते तर आधी तेच सांगितलं असतं.

"न्हाई साहेब," ती म्हणाली. "कुनी नव्हतं. मॅडमनी त्यांचं मशीन दिलं म्हणून आज झालं हे."

साहेब खूश झाले. "शाब्बास भारतीबाई!" म्हणाले. दारात जमलेल्या दोनचार जणांनी टाळ्याही वाजवल्या. किती दिवस मला त्या हव्या होत्या! त्या संपेपर्यंत मी टेबलाची कड धरून उभी होते.

मग राहिलं माझं मशीन. त्याच्या चिपेतही नवा मजकूर लिहायचा होताच. संध्याकाळी तिने तेही काम काढलं. फ्लॉपी घातली, पट्टी सुरू झाली. ती सकाळपासून उपाशी होती. मी तिच्यासाठी सांगितलेला चहा कॅन्टीनच्या खिडकीत येऊन पडला होता आणि पोऱ्या हाका मारत होता. आमचं कॅन्टीन वीस पावलांवर.

"तू जा, चहा घेऊन ये," मी म्हटलं. "मी बसते इथं. कुणाला हात लावू देणार नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर मला सोसला असता.

"नको, मॅडम," ती म्हणाली. "मी बसती."

खंडेनवमीला मी गप्प बसले होते आणि आज ती. माझ्या गप्प बसण्याने तिची नोकरी जाणार होती, तिच्या गप्प बसण्याने माझी राहिली. खोटं आम्ही दोघीही बोललो, पण तिचं खोटंसुद्धा माझ्यापेक्षा चांगलं निघालं. आणि आता सगळंच सांगितलंय तर हेही सांगते. मला त्याचाही हेवा वाटला.

मी चहा आणायला गेले. परत आले तेव्हा पट्टी पुरी व्हायला चार बोटं राहिली होती आणि सत्यशीला मेनच्या दांडीखाली भिंतीला पाठ लावून उभी होती. मी कप टेबलावर ठेवला. पट्टी पूर्ण होईपर्यंत तिने त्याला हात लावला नाही.